शुगर कमी झाली, बरं झालं

आमच्या भागात कुणी भेटलं की "शुगर कशी हाय?" असं विचारतात. "कमी झाली" असं उत्तर आलं की समोरचा म्हणतो, "बरं झालं." शुगर वाढली तर वाईट आणि कमी झाली तर चांगलं, एवढंच मधुमेहाचं ज्ञान कमठाण्यापासून मुडबीपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. या एका समजुतीपायी माझे सासरे भर मांडवात जायच्या बेतात होते. मदतीला एक घड्याळही होतं.

माझे सासरे, म्हणजे अप्पा, निवृत्त मास्तर. बिदरात आमच्याकडे राहतात आणि कित्येक वर्षांपासून इन्सुलिन घेतात. पोटात सुई टोचताना ते हूं की चूं करत नाहीत. मात्र शुगर तपासायला बोट पुढे करा म्हटलं की हात धोतरात लपवतात. ज्या माणसाने आयुष्यभर पोरांच्या बोटांवर पट्टी मारली, त्याला स्वतःच्या बोटावरचा मुंगी चावल्याएवढा टोचा सहन होत नाही.

"पोटाचं काय, ते झाकलेलं असतंय," ते म्हणायचे. "बोटानं मी लिहितो."

काय लिहिता, असं मी कधी विचारलं नाही. सून आहे.

आमचे जावई, माझ्या नणंदेचे यजमान, कमलनगरला मोबाइलचं दुकान चालवतात. काचा, कव्हर, चार्जर आणि भरपूर आत्मविश्वास, असा माल असतो. एका रविवारी ते आले आणि त्यांनी अप्पांच्या मनगटावर एक काळं घड्याळ बांधलं. खालून हिरवा दिवा चमकला, थोडं थांबून आकडा आला. एकशेअकरा.

"काय हाय हे?" अप्पांनी विचारलं.

"शुगर, मामा. सुई न्हाई, रगत न्हाई. उजेडानं वळखतंय."

"आन बीपी?"

"बीपी, नाडी, झोप, पावलं, सगळं सांगतंय."

मी म्हटलं, "दाजी, आपलं मशीन काढते. एकदा ताडून बघू."

जावयांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या कुळाची चौकशी केली. "वैनी, घरच्या माणसावर इश्वास न्हाई व्हय?"

तिथे विषय संपला. जावयाने आणलेली मिठाई आंबट लागली तरी आंबट म्हणायची नसते, हा नियम आमच्याकडे औषधपाण्यालाही लागू आहे. सासूबाईंनी मला डोळ्याने गप्प केलं, नवऱ्याने पेपर वर धरला आणि अप्पांनी बाही दुमडली, ती पुढे महिनाभर खाली आलीच नाही.

त्या महिन्यात अप्पांचा रुबाब बघण्यासारखा होता. कुणाच्या घरी गेले आणि गोड पुढे आलं की आधी ते मनगट बघत, मग यजमानाला दाखवत. एकशेबारा, एकशेनऊ, एकशेचौदा. आकडा त्या चार-पाच घरांतच हिंडायचा. यजमान खूश होऊन वाढायचे. आमच्याकडे आग्रह न करणं म्हणजे अपमान, आणि शुगरवाला पाहुणा म्हणजे आग्रहाची अडचण. घड्याळाने ती अडचण दूर केली. मी बोट मागितलं की अप्पा म्हणायचे, "घड्याळ हाय की. कामून टोचायलीस?" माझ्या हाती आठवड्यातून एखादं बोट लागायचं, तेही भांडून. आकडा नेहमी घड्याळाहून बराच वर असायचा. यावर अप्पांचं म्हणणं असं, की टोचल्याने अंगाला राग येतो आणि शुगर वाढते.

मग मुडबीचं लग्न आलं. नात्यातली मुलगी होती. जाण्याआधी मी नेहमीसारखी यादी केली: इन्सुलिन, थंड पिशवी, शुगरचं मशीन, पट्ट्या, ग्लुकोजची पुडी, बिस्किटं, जास्तीचा सदरा. ही यादी आमच्या घरातला कायमचा विनोद आहे. मला चालता-फिरता दवाखाना म्हणतात. निघताना सासूबाईंनी पिशवी हलकी करायला घेतली आणि मशीन बाहेर ठेवलं. मी ते उचलून पर्समध्ये टाकलं. ग्लुकोजची पुडी आणि बिस्किटं त्यांनी कधी काढली ते मला कळलं नाही. "लग्नाच्या घरी कुणी बिस्किटं नेतंय व्हय?" असं त्या नंतर म्हणाल्या.

आमच्या बौद्ध लग्नात मुहूर्ताची भानगड नसते. वंदना, पंचशील, हार, संपलं. अर्ध्या तासात लग्न लागतं. पण असा वाचवलेला सगळा वेळ आम्ही भाषणांना देतो. आधी पाहुण्यांचे सत्कार, मग सत्कार झालेल्यांची मनोगतं, मग ज्यांचा सत्कार राहिला त्यांची नाराजी, मग त्यांचा सत्कार. तोवर पातेल्यांची झाकणं उघडत नाहीत. त्या दिवशी गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर होती. गूळ आणि तूप घालून रटरटलेल्या हुग्गीचा वास पार स्टेजपर्यंत येत होता.

अप्पांचं इन्सुलिन जेवणाच्या जरा आधी घ्यायचं असतं. "ताटं मांडायलेत" असं कुणीतरी ओरडलं. अप्पांनी घड्याळ पाहिलं. घामाने पट्टा सैल झाला होता. आकडा आला दोनशेचाळीस. महिनाभरात त्या घड्याळाला पहिल्यांदाच काही सुचलं होतं आणि तेही चुकीचं. शेजारी जावई होते. दोघांनी मिळून ठरवलं की शुगर चढलीय, वर हुग्गी खायचीय, तेव्हा इन्सुलिन थोडं वाढवून घ्यावं. अप्पांनी घेतलं. मी बायकांच्या बाजूला होते, हे सगळं मला नंतर कळलं.

सुई बाहेर आली आणि त्याच क्षणी माईकवरून अप्पांचं नाव पुकारलं गेलं. ज्येष्ठ शिक्षक, दोन शब्द बोलतील.

अप्पा आयुष्यात कधी दोन शब्दांवर थांबलेले नाहीत. नवरा-नवरीपासून सुरुवात झाली, तिथून शिक्षणावर गेले, शिक्षणातून कमठाण्याच्या शाळेच्या गळक्या पत्र्यांवर. पाऊण तासाने पत्रे पुन्हा आले. मग नवरीला त्यांनी नवऱ्याच्या नावाने हाक मारली आणि नवऱ्याला विद्यार्थी मित्र म्हणाले. कुणाला काही वाटलं नाही. भाषण भरकटणं हे आमच्याकडे आजाराचं लक्षण मानत नाहीत. एकाने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मला मात्र त्यांचा सदरा दिसला. पाठीला चिकटलेला, ओला. माईक धरलेला हात कापत होता. मी बायकांमधून वाट काढून वर जाईपर्यंत ते खुर्चीत बसले होते आणि जावई त्यांचं मनगट धरून दिवा बघत होते.

"एकशेबारा," जावई म्हणाले. "एकदम नॉर्मल, वैनी. गर्मी व्हायलीय त्यास्नी. पंखा इकडं करा."

अप्पांचे डोळे माझ्याकडे होते, पण मी कोण ते त्यांना उमगत नव्हतं. पर्समधून मशीन काढलं, बोट धरलं, टोचलं. पहिल्यांदाच त्यांनी हात ओढला नाही. आकडा आला अठ्ठेचाळीस.

मी ओरडून सांगितलं, "अप्पांची शुगर कमी झालीय."

पहिल्या रांगेतून एक काका म्हणाले, "बरं झालं की."

त्यांच्यामागे बसलेली एक आजी आपल्या शेजारणीला कन्नडमध्ये म्हणाली, "चलो आतु बिडव्वा," म्हणजे चांगलंच झालं म्हणायचं. ही बातमी मराठी, कन्नड आणि दखनी अशा तिन्ही भाषांतून मांडवभर गेली, आणि तिन्हींत ती आनंदाचीच राहिली. एकीने तर मला विचारलं, "कोणतं औषध चालू हाय?"

पिशवी उघडली. पुडी नाही, बिस्किटं नाहीत. मी हुग्गीच्या पातेल्याकडे धावले आणि वाढप्याला म्हटलं, "आधी वाटीभर द्या, सासऱ्यांना पायजे."

"मास्तरास्नी?" त्याने डाव मागे घेतला. "अक्का, शुगर हाय त्यास्नी. हुग्गी कामून द्यायलाव?"

"शुगर कमी झालीय म्हणून."

"कमी झाली तर राहू द्या की कमी. आता कामून वाढवायलाव?"

गेला महिनाभर ज्या माणसाला सगळ्या तालुक्याने हात धरून गोड चारलं, त्याला ज्या दिवशी गोडाची खरी गरज होती त्या दिवशी सगळे वैद्य झाले. त्या वाढप्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. बाजूला चहावाला होता. त्याला मी काही समजावलं नाही. त्याच्या डब्यातून मूठभर साखर उचलली, पाण्यात ढवळली आणि पेला घेऊन स्टेजवर गेले.

तिथे जावई आडवे आले. "वैनी, घड्याळ एकशेबारा दाखवायलंय. वर साखर दिली तर चढंल."

"दाजी, बाजूला व्हा."

"म्या जबाबदार न्हाई बरं का."

"नका राहू," मी म्हटलं, आणि कोपराने त्यांना बाजूला केलं. आमच्या घरात जावयाला कोपर लागल्याची ही पहिलीच वेळ असावी. सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला. अप्पांना गिळता येत होतं, हे नशीब. घोट घोट करून पेला रिकामा झाला. मी त्यांचं मनगट धरून बसून राहिले. हळूहळू घाम थांबला, हात स्थिर झाला. पुन्हा टोचलं तेव्हा आकडा वर सरकला होता. अप्पांनी बोट चटकन मागे ओढलं आणि मला बरं वाटलं.

"माझं भाषण पूर्ण झालं का?" त्यांनी विचारलं.

"व्हय अप्पा," पहिल्या रांगेतले काका म्हणाले. "लई झकास झालं."

त्याच आठवड्यात कलबुर्गीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. घड्याळ मी सोबत नेलं होतं. त्यांनी ते हातात घेतलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "उजेडाने, घामाने, डोळ्यांतल्या पाण्याने साखर ओळखायची खटपट जगभर चालू आहे. जमेलही एक दिवस. पण ज्याच्यावर विसंबून इन्सुलिन घ्यावं, असं घड्याळ अजून आलेलं नाही. ही बाजारातली घड्याळं अंदाजसुद्धा करत नाहीत, समजूत काढतात." मग त्यांनी दंडावर चिकटवायचं एक बटण दाखवलं. त्याची केसाएवढी तार कातडीखाली राहते, रक्तातली नाही पण तिथल्या पाण्यातली साखर मोजते आणि फोनवर आकडा पाठवते. आकडा काही मिनिटं मागे असतो. साखर खाली जायला लागली की फोन ओरडतो. अंगाला एक वाटतंय आणि फोन दुसरंच सांगतोय असं झालं, तर बोट टोचायचंच.

"म्हंजे सुई हायच," अप्पा म्हणाले.

"चिकटवताना एकदा. मग पंधरवडाभर विसरा."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग दंड पुढे केला.

त्यानंतर जावई चौकशीला आले. घड्याळाचा काही दोष नाही, पट्टा सैल होता, असं त्यांचं मत होतं. मी भाजीच्या टोपलीतून एक दोडका काढला, घड्याळ त्याला घट्ट बांधलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. हिरवा दिवा चमकला. एकशेअकरा. नाडी बहात्तर.

जावयांनी दोडका उलटसुलट करून पाहिला. "बराबर हाय की, वैनी," ते म्हणाले. "दोडक्याला कुठं शुगर असतीय?"

अप्पा हसता हसता खोकायला लागले. जावयावर ते पहिल्यांदाच हसले असतील. मग घड्याळ सोडून त्यांनी स्वतःच जावयांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "पावणं, हे दुकानात ठिवा. पर इन्सुलिनवाल्याला इकू नका. माझी आण हाय."

जावई मानतात की नाही, मला माहीत नाही. घरात आता "कमी झाली" हा शब्द आम्ही बंद केला आहे. "पडली" म्हणतो. पडली म्हटलं की सासूबाईसुद्धा साखरेच्या डब्याकडे धावतात. माझ्या पिशवीला आता त्या हात लावत नाहीत.

अप्पांची भाषणं चालूच आहेत. परवा कमठाण्याच्या लग्नात शाळेचे पत्रे नुकतेच आले होते, तेवढ्यात खिशातला फोन ओरडला. अप्पांनी माईक खाली ठेवला, खिशातून साखरेची पुडी काढून तोंडात टाकली आणि खुर्चीत बसले. माईक रिकामा बघून लोक उठले आणि पातेल्यांची झाकणं निघाली. आता निमंत्रण द्यायला येणारे यजमान जाताना हळूच माझ्याकडे येतात.

"अक्का, अप्पाच्या दंडावर ते बटण असतंय न्हवं?"