पुकारणारे वामनकाका

वामनकाका घरात पाणी मागायचे तेही माइकवर बोलल्यासारखं. डावा हात कानावर, मान थोडी तिरपी, आणि मग तो आवाज. किन्हीराजा गावाच्या स्टँडवर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्यामागच्या गल्लीत त्यांचं घर. सकाळी त्यांनी "करुणाऽऽ, चहा ठेव व बाई" म्हटलं की मला कळायचं, शटर उघडायची वेळ झाली. असा माणूस शेजारी असला की घड्याळ लागत नाही.

गावात आणि आजूबाजूला कुठलंही लग्न असो, जयंती असो, विहाराच्या कामाला वर्गणी गोळा करायची असो, पुकारायला वामनकाकाच. आहेर कुणी दिला, धम्मदान कुणी दिलं, ते नावानिशी, गावानिशी माइकवर सांगायचं. त्यांचं एकच म्हणणं होतं, "माइकवर नाव गेलं ना लेका, का ते देल्लं. मंग मागं फिराची सोय नाई." आणि खरंच तसं होतं. एकदा एका पठ्ठ्यानं भलत्याच तारेत विहाराला पंखा पुकारायला लावला. दुसऱ्या दिवशी उतरल्यावर त्याची बायको त्याला काय काय बोलली ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. पण पंखा आला. चार माणसांत सांगितलेलं आमच्याकडे कुणी मोडत नाही. वामनकाकांनी तरी उभ्या आयुष्यात मोडलेलं पाहिलं नव्हतं.

काकू लवकर गेल्या. करुणा एकटीच मुलगी, तिला त्यांनीच वाढवलं. पोरीचा हात चित्रात फार चांगला. मोबाइलवर शिकून शिकून ती परदेशातल्या लोकांसाठी लहान मुलांच्या गोष्टींची चित्रं काढायला लागली. ते लोक तिला क्रिप्टोमध्ये पैसे द्यायचे, डॉलरच्या भावाचं नाणं, फोनमधल्या वॉलेटमध्ये. काका त्याला 'किरपटो' म्हणायचे आणि दुकानात येऊन मला विचारायचे, "काहून रे, दिसत नाई, हातात येत नाई, तं पोट्टीले पैसे भेटून राह्यले का कोनी येडं बनवून राह्यलं?" मी समजावून सांगायचो. हे नाणं कुणाला तरी विकायचं. घेणारा आधी आपल्या बँकेत रुपये टाकतो, ते आलेले आपण बँकेत पाहायचे, मगच त्याला नाणं सोडायचं. एकदा सोडलं की ते परत येत नाही. बँकेचा व्यवहार निदान तक्रार करून अडवता येतो कधीकधी, याचं तसं नाही. काका मान डोलवायचे. करुणा या बाबतीत पक्की होती, कधी चुकली नाही.

तिला पुण्याला चित्रकलेच्या पुढच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. फी आणि होस्टेल, दोन्हीचे पैसे तिनं या नाण्यांतच साठवलेले. फी भरायची मुदत जवळ आली तेव्हा तिनं मेसेजवरून नाण्यांना एक गिऱ्हाईक ठरवलं. तो ज्या दिवशी पैसे टाकणार, नेमका त्याच दिवशी तिचा बी.ए.चा शेवटचा पेपर वाशीमला. परीक्षेत फोन नेऊ देत नाहीत, म्हणून तो घरीच ठेवला. जाताना बापाला म्हणाली, "फोन वाजला तर उचला बाबा, बाकी काही करू नका. मी आल्यावर पाहते." वॉलेटचा पिन त्यांना माहीत होता. त्या घरात बाप-लेकीची एकमेकांपासून लपवलेली गोष्ट नव्हती.

दुपारी काका फोन घेऊन स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर बसले होते. मी तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावला, माल आणायला गेलो होतो. पुढचं मला टपरीवाल्यानं सांगितलं. घेणाऱ्याचा फोन आला. "जयभीम काका" म्हणाला, मानोऱ्याकडचा आहे म्हणाला, एका लग्नात तुमचा आवाज ऐकला म्हणाला. काका तिथंच विरघळले असणार. मग तो म्हणाला, "काका, फोन स्पीकरवर करा. कोन कोन बसून हाय तिथं? सगळ्यायनं आयका. मी करुणाताईच्या खात्यात पूर्ण पैसे टाकले. मेसेज आला का पाहा." मेसेज आला होता. पैसे जमा, असं इंग्रजीत लिहिलेलं. पाठोपाठ व्यवहाराचा फोटोही आला, हिरवी खूण वगैरे सगळं. टपरीवाला म्हणाला, "काका, पोरगी येऊ द्या ना." काका म्हणाले, "अरे, चार मानसात पुकारलं त्यानं. आता काय त्याले दारात उभं ठेवू?"

आणि त्यांनी नाणं सोडलं.

त्या भामट्याला आमची ही रीत माहीत होती की अंदाजानं दगड मारला, कोण जाणे. मी परतलो तेव्हा काका खुशीत होते. मला फोन दाखवला, "पाह्य, मी केलं सगळं. पोट्टी आली का पेढे वाटतो." मी मेसेज पाहिला. तो बँकेच्या नावानं आलेला नव्हता, साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला होता. करुणाच्या खात्यात एक रुपया वाढला नव्हता. नाणं मात्र खरोखर गेलं होतं. कुठल्या पत्त्यावर गेलं तेही कुणालाही उघड पाहता येतं. अंक आणि अक्षरांची लांबलचक ओळ, तिच्यामागे माणूस दिसत नाही. काकांना हे कसं सांगितलं मला आठवत नाही. त्यांनी डावा हात कानावर नेला तेवढं आठवतं, नीट ऐकू आलं नसल्यासारखा.

करुणा संध्याकाळच्या बसनं आली. ओरडली असती, रडली असती तर बरं झालं असतं. तिनं फोन हातात घेतला, पाहिलं, आणि भाकरी टाकायला बसली. वाशीमला जाऊन तक्रार दिली, ती नोंदवून घेतली गेली, पुढे काही झालं नाही. फीची तारीख गेली. महिन्याभरानं ती पुण्याला गेलीच, पण एका छापखान्यात कामाला. जाताना बापाच्या पाया पडली. त्या दिवसांत मलाही काही वाटत नव्हतं. दुकान उघडायचो, लोकांच्या काचा बदलायचो, बंद करायचो.

काकांनी पुकारणं लगेच सोडलं नाही. पण एका लग्नात नवऱ्याच्या मामानं आहेर फोनवरून पाठवला आणि पावतीचा फोटो दाखवून म्हणाला, "घ्या नाव." काका माइक झाकून म्हणाले, "फोटोवर नाव घेत नसतो मी. ज्याच्या खात्यात गेले त्याले आना. त्याची बँक उघडा." नवरदेव खुर्चीतून उठून आला, फोन उघडला, आकडा दाखवला. मामा लालबुंद. "आमच्यावर भरोसा नाई का काका?" काका म्हणाले, "तुमच्यावर हाय. फोटोवर नाई." मांडवात हशा झाला, पण मामा न जेवता गेला. त्यानंतर काकांना बोलावणं येईनासं झालं. त्यांनीही विचारलं नाही.

करुणा दर महिन्याला बापाच्या खात्यात पैसे टाकायची. फोन करायची नाही, नुसते पैसे. काकांच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज यायचा, खराखुरा. पण हा माणूस एसटीनं मालेगावला जायचा, बँकेत रांगेत उभा राहायचा, खिडकीवर विचारून खात्री करायचा आणि तिथूनच पोरीला फोन लावायचा. "आले." तिकडून "बरं." "जेवली?" "हो." संपलं. मी एकदा वैतागून म्हणालो, "अहो काका, मी इथं दोन मिनिटांत दाखवतो ना. कायले धक्के खाता? पोरीला वाटत असेल, बाप आता माझ्यावरही संशय घेतो." ते माझ्या काउंटरवर हात टेकून उभे राहिले. आवाज पार खाली आला होता. म्हणाले, "संशय नाई रे बाप्पा. तिले फोन कराले काई कारन तं पाह्यजे. 'आले' सांगाले लावला तं ती फोन उचलते ना." त्यानंतर मी कधीच त्यांना टोकलं नाही.

मागच्या थंडीत एका दुपारी मी एका फोनची बॅटरी काढत होतो, तेव्हा करुणाचा फोन आला. ती मला कधी फोन करत नसे. म्हणाली, "दादा, परवा बाबाले पैसे टाकले. माझ्याकडून गेले, त्यायच्या खात्यात जमा झाले, सगळं दिसून राह्यलं. पण बाबाचं 'आले' नाही आलं. मी लावला तर उचलत नाहीत. जरा पाह्यता का?"

मी हातातलं काम तसंच टाकून गल्लीत गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. काका बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. चादर नीट अंगावर होती. बँकेत जायचा धुतलेला सदरा खुंटीवर. मी हाक मारली, मग खांद्याला हात लावला. थंडगार. मी तिथंच जमिनीवर बसलो. रडू आलं नाही. बाहेर कुणीतरी सोयाबीनची पोती उतरवत होतं, त्यांचं "हां, हां, धर" ऐकू येत होतं.

मग फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला. मी नुसतं "करुणा" म्हणालो. तिनं अगदी हळू विचारलं, "दादा, तुम्ही सोता डोळ्यानं पाह्यलं ना? कोनाच्या सांगण्यावरून नाही ना सांगून राह्यले?"

"हो बाई," मी म्हणालो, "सोता पाह्यलं."