संकल्पातली गोदावरी

कोलकात्यात, बेहालातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त बंगाली ख्रिस्ती शिक्षक राहतात. त्यांना ग्रीक येते. एका सकाळी माझा जप आटोपल्यावर ते सांगू लागले, की त्यांच्या शास्त्रात प्रार्थनेच्या प्रकरणी ‘बत्तोलोगेओ’ असे क्रियापद आले आहे. अर्थ, पोकळ बडबड करणे. व्युत्पत्ती निश्चित नाही. काही जण ती तोतरेपणाशी जोडतात.

मला ते लागले. “म्हणजे आमचा जप पोकळ?”

“तुमच्या माळेला कोण हात लावतोय, पंडितमशाय? हजारदा म्हणा की! शब्द वाढवले की देवाला ऐकावेच लागते, असे ज्याला वाटते त्याच्यासाठी आहे ते. ओठ इथे नि मन भलतीकडे.”

मी सविस्तर खंडन केले. भलतीकडे मन असणारे कोणी दुसरेच, याविषयी मला शंका नव्हती.

त्याच आठवड्यात एका मराठी मुलीने वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी बोलावले. व्यवसायाने मी पुरोहित नव्हे. पण बालपणी पाठशाळेत शिकलो, म्हणून रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून येथे बदलून आलेल्या कुटुंबांची कार्ये सांगतो. ही एकुलती एक, बँकेत अधिकारी. वडील तिच्याकडे राहायला आले आणि इथेच गेले. मुलीने केलेले श्राद्ध पोचत नाही, असे गावाहून चुलत्यांनी कळवले होते. त्यामुळे ती प्रत्येक शब्द जिवाचे कान करून ऐकत होती.

आपण कोणत्या देशी, कोणत्या नदीच्या तीरी, कोणत्या तिथीला कर्म करीत आहोत, हे संकल्पात सांगावयाचे असते. मी म्हणालो, “गोदावर्याः दक्षिणे तीरे.”

ती थांबली. ओंजळीतले पाणी तसेच.

“आजोबा, गोदावरी? आपण तर कोलकात्यात आहोत ना?”

गुरुजींनी शिकवले तसेच मी इथे घरोघरी इतकी वर्षे म्हणत आलो होतो. उच्चारात मात्रेचीही चूक नव्हती.

“मग काका म्हणतात तेच खरं? बाबांना पोचणार नाही?”

समर्थनाची वचने ओठांवर आली. ती मी गिळली.

“चूक माझी आहे, बाळ. तोंडाने म्हणत होतो, पण मी इथे नव्हतो. ते पाणी बाजूला ओतून टाक. पुन्हा प्रारंभ करू.”

पूर्वीच्या घरांतून असे किती संकल्प मी सोडायला लावले असतील, या विचाराने माझा स्वर खाली आला होता. “भागीरथ्याः पूर्वे तीरे,” मी सावकाश म्हणालो आणि अर्थ सांगितला. ती म्हणाली. पुढचे पद, त्याचा अर्थ, मग तिचा उच्चार, असे आम्ही चाललो. वडिलांच्या नावाशी पोचलो तेव्हा मी सांगण्यापूर्वीच तिने ते उच्चारले. अगदी स्पष्ट. आणि पाणी सोडले.