खरी मंजिष्ठा

रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावच्या बाजारात एक आदिवासी बाई रानातली औषधं विकायला बसते. मंजिष्ठेचं मूळ आतपर्यंत लाल आहे हे मोडून दाखवल्याशिवाय कुणाला देत नाही. "वेल सगला उपटायचा नाय गो, थोडं मूळ मातीत ठेवायचं," असंही बजावते.

चेहऱ्यावरच्या वांगासाठी मी पेणच्या एका दुकानातून मंजिष्ठा आणली होती. ती तिला दाखवली. तिने मूळ पाण्यात बुडवलं. पाणी लालभडक झालं, मूळ पांढरं पडलं.

"ह्यो तर गनपतीच्या मूर्तीला लावायचा रंग हाय!" ती संतापली आणि पथारी गुंडाळून माझ्याबरोबर थेट पेणला आली.

दुकानात एक बाई कडेवरच्या लेकीच्या पुरळासाठी तीच मुळं घेत होती. माझ्याबरोबरच्या औषधवालीने तिच्या हातातली पुडी घेतली आणि एक मूळ सगळ्यांसमोर धुऊन दाखवलं. दुकानदार हसला. "या रानटी बाईचं काय ऐकता?"

त्या आईने दुकानाच्या पाटीकडे पाहिलं, मग हिच्या अनवाणी पायांकडे, आणि पुडी परत मागितली.

हिने दिली नाही. "पोरीच्या अंगाला इख लावू देनार नाय!"

दुकानदार मला म्हणाला, "मॅडम, चोरी बघताय ना?"

"बघतेय," मी ओरडले, "तुमची!"