नॉक सेन्सर बंद, गाडी चालू

मी धामणगाव बढ्याचा. एकवीस वर्षं फौजेत गाड्या दुरुस्त केल्या, हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता खामगावात गॅरेज आहे. इंजिनाचा पिवळा दिवा लागला की गिऱ्हाईक घाबरून येतं. त्याला मी ही गोष्ट सांगतो.

जून महिना. आमची तुकडी राजस्थानच्या वाळवंटात होती. पेट्रोलवर चालणाऱ्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर नाईक गजानन, वडनेर भोलजीचा. मीही तेव्हा त्याच हुद्द्यावर, नाईकच. रोज सकाळी सहाला मी इंजिन तपासायचो, मग दोघं चहा घ्यायचो.

त्या दिवशी दुपारी एक वाजता गस्तीवरचा सिपाही रणवीर उष्माघातानं कोसळला. बेशुद्ध. हॉस्पिटल चाळीस किलोमीटर. एक दहाला गजानन त्याला घेऊन निघाला. एक पस्तीसला रेडिओ वाजला.

"इंजिन लाइट ऑन. पॉवर कम. ओव्हर."

"थांबवा. दुसरी गाडी पाठवतो," सुभेदारसाहेब म्हणाले. दुसरी गाडी लांबच्या चौकीवर होती, पोचायला तास लागला असता. मी सेट मागून घेतला.

"चढावर ठकठक येते का?"

"नाही. पण गाडी ओढूनच नाही राह्यली. काय करू बे?"

रेडिओवर वऱ्हाडी चालत नसे. साहेबांनी भुवया चढवल्या.

"टेंपरेचर? ऑइल?"

"दोन्ही बरोबर."

पेट्रोल इंजिनात इंधन अवेळी पेटलं की धातूवर ठोकल्यासारखा आवाज येतो. तो नॉक. ब्लॉकवर बसवलेला सेन्सर ती थरथर ओळखतो आणि कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा पाडतो. सेन्सरच बंद पडला, तर कॉम्प्युटर सावधगिरीनं ठिणगी उशिराच ठेवतो. दिवा लागतो, ताकद जाते, पेट्रोल जास्त लागतं. इंजिन मात्र चालत राहतं. हा माझा अंदाज होता, खात्री नव्हती. आणि सकाळी गाडी मीच पास केली होती.

"थांबू नको. खालचा गियर ठेव. चढावर एसी बंद, सपाटीवर चालू."

"हाव."

"बंद पडली तर?" साहेबांनी विचारलं.

"जबाबदारी माझी, साहेब."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "जाऊ द्या."

मी सेटजवळून हललो नाही. दोन वीसला आवाज आला, "पेशंट पोचला. शुद्धीवर येऊन राह्यला." या वेळी साहेब हसले.

संध्याकाळी पाहिलं, तर सेन्सर ठीक होता. उंदरांनी त्याची वायर कुरतडली होती. वायर बदलली. सेन्सरचा बोल्ट टॉर्क रेंचनं मापात कसला. तो सैल राहिला तरी आणि जास्त आवळला तरी सेन्सर चुकतो.

"उंदराले चार्जशीट दे," गजानन म्हणाला.

दोन वर्षांनी डोंगरातल्या पोस्टिंगवर त्याच्या गाडीवर दरड कोसळली. तो जागीच गेला.

गेल्या हिवाळ्यात रणवीर हरियाणाहून आला. मी त्याला वडनेरला गजाननच्या घरी नेलं. गजाननच्या फोटोसमोर त्यानं सॅल्यूट केला आणि बराच वेळ हात खाली घेतला नाही.

"हे कोण, भाऊजी?" वहिनींनी, गजाननच्या बायकोनं, मला विचारलं.

उत्तर त्यानंच दिलं. "भाभीजी, रेगिस्तान में उस दिन उनकी गाडी में पीछे मैं लेटा था."

गजाननकडून ती गोष्ट ऐकलेल्या वहिनींनी पदरानं डोळे पुसले, त्याच्यासाठी पाट मांडला. "मंग जेवल्याबिगर जायचं नाही."