भर उन्हात लाईट लावून

दर सोमवारी सकाळी सातला आमच्या आटगावच्या घरी फोन वाजायचा आणि तो ताईचाच असायचा. "निघते रे," एवढंच बोलून ती ठेवायची. मग टोकावड्याहून मुरबाडला पोचली की दुसरा फोन, "पोचलो." या दोन फोनांच्या मधला तासभर मी पेपर उलटसुलट करत आणि बायकोची बोलणी खात काढायचो. त्या सोमवारीही सातला फोन वाजला आणि मी सवयीने "हां, निघालीस?" म्हटलं. पलीकडे ताईच्या शेजारच्या वहिनी होत्या. "सिस्टर गेल्या वो," त्या म्हणाल्या, "पाण्याची बाटली भरता भरता खाली बसल्या त्या बसल्याच... तुमी लवकर या." खरं सांगायचं तर मला पहिला विचार ताईचा आला नाही. दाजींजवळ कोण आहे, हा आला. इतकी वर्षं तिच्याबरोबर मीही तीच एक काळजी करत आलो होतो, दुसरं काही सुचायची सवयच राहिली नव्हती.

ताईचं नाव शालिनी, पण ते फक्त पगारपत्रकावर. टोकावड्याच्या दवाखान्यात वीस-बावीस वर्षं नर्स होती, त्यामुळे सगळ्या गावाची ती सिस्टर. दाजीसुद्धा चेष्टेने तिला सिस्टरच म्हणायचे. आमच्या वस्तीतली नोकरीला लागलेली ती पहिली मुलगी, आणि आपल्या हातून चूक झाली तर पुढच्या मुलींना कोणी विचारणार नाही, अशी धास्ती तिने पहिल्या दिवशी घेतली ती कायमची. कुलूप लावून चार पावलं गेली की परत येऊन ओढून बघायची. इंजेक्शनची बाटली तीनदा उजेडाकडे धरायची. मी तिला म्हणायचो की काळजी करायचा सरकारने तुला वेगळा भत्ता द्यायला हवा. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला तिने निवृत्त होणाऱ्या एका डॉक्टरांची दहा-बारा वर्षं जुनी गाडी घेतली आणि चाळिशीत शाळेच्या मैदानावर चालवायला शिकली. दाजी प्राथमिक शाळेत गुरुजी, आणि मुरबाडपासून शहापूरपर्यंत कबड्डीचे सामने असले की समालोचनाला त्यांनाच बोलावणं. ते शेजारी बसून तिच्या गाडी चालवण्याचंही समालोचन करायचे. "सिस्टर चढाईला निघाल्या आहेत, समोरून एक म्हैस मध्यरेषेकडे येते आहे..." ताई चिडायची, पण हसूही यायचं तिला.

मग दोन हजार चारच्या पावसाळ्यात दाजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ज्या माणसाने तीन-तीन तास मैदान हलवलं, त्याच्या तोंडून पाणी हा शब्दही निघेना. आठवड्यातून एकदा मुरबाडला व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं होतं. एकदाही चुकवलंत तर हात आखडत जाईल, असं त्यांनी ताईला बजावलं होतं, आणि ताईला बजावणं म्हणजे काय ते मी वर सांगितलंच आहे. पण दाजी गाडीत बसले की घाबरायचे. गाडीने वेग घेतला की त्यांचा श्वास वाढायचा, डोळे फिरायचे आणि ते दार उघडून उतरायला बघायचे. उजवा हात निकामी, आणि चालणारा डावा हात नेमका दाराकडे. मागच्या सीटवर त्यांना नीट बसता यायचं नाही. मी सुचवलं की दाराचं हँडल दोरीने बांधून टाकू. "नाय रे," ताई म्हणाली, "उद्या गाडी कलंडली तर माणूस बाहेर कसा काढायचा?" ती एका हाताने स्टिअरिंग धरायची आणि दुसऱ्या हाताने दाजींच्या सदऱ्याचं टोक. गिअर टाकताना ते टोक सुटायचं, म्हणून चढावरही ती गिअर बदलायचं टाळायची.

तोडगा सापडला तो अवचित. कपाट आवरताना तिला एक जुनी कॅसेट मिळाली. कधीतरी एका गावच्या अंतिम सामन्यात मंडळाच्या पोरांनी दाजींचं समालोचन टेप केलं होतं. तिने ती सहज गाडीच्या टेपमध्ये घातली. दाजी ऐकू लागले. स्वतःचा तो भरदार आवाज ऐकताना त्यांचा श्वास खाली बसला, हात मांडीवर आला. त्या दिवशी ते मुरबाडपर्यंत दाराकडे वळलेसुद्धा नाहीत. त्यानंतर दर सोमवारी तोच सामना सुरू झाला. तोच चढाईवाला, तीच पकड, तोच पंचांशी झालेला वाद. ताईला तर तो पाठ झाला होता, आणि मला वाटतं कबड्डीचा तिला अतिशय कंटाळा आला असावा, पण बोलली नाही कधी.

वर्षभराने टेपने त्या कॅसेटचं रीळ खाल्लं. ताईने पेन्सिल घालून ते इंचाइंचाने सोडवलं आणि मी शहापूरला लग्नाच्या शूटिंगचं काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून ते समालोचन काडेपेटीएवढ्या एका प्लेअरमध्ये भरून आणलं. प्रश्न होता तो प्लेअर गाडीत वाजवायचा कसा. मुरबाडचा टेपवाला म्हणाला, सगळा संच बदला, गाडी दोन दिवस सोडा. ताईला ते दोन दिवस मंजूर नव्हते, कारण मध्ये सोमवार येत होता. टेपचा कॅसेटचा भाग बिघडला होता, पण रेडिओ चांगला होता. म्हणून मी एक अ‍ॅडॉप्टर आणला. छोटी डबी, बरोबर इंग्रजी कागद. एरियलची वायर काढून डबीत घालायची, डबीची वायर रेडिओत, लाल वायरला करंट द्यायचा, काळी गाडीच्या पत्र्याला कसायची, की प्लेअरमधला आवाज रेडिओवर ठरलेल्या आकड्याला लागतो. मी कारकून माणूस, घरचा फ्यूज बदलताना सुद्धा बायकोला लांब उभं करतो. पण बहिणीपुढे फुशारकी मारली होती, आता माघार कशी घेणार?

रविवारी दुपारी आम्ही दोघं कामाला लागलो. मी डॅशबोर्डखाली उताणा, पाय दाराबाहेर, आणि ताई वरून हुकूम सोडत होती. आत वायरींचा नुसता गुंता. ताईने दवाखान्यातली चिकटपट्टी आणली आणि मी ज्या ज्या वायरीला हात लावीन तिच्यावर पट्टी लावून पेनाने नाव लिहायला लागली, औषधाच्या बाटलीवर लिहितात तसं. करंट असलेली वायर शोधायला मी एका छोट्या बल्बला दोन तारा जोडल्या होत्या. एक तार पत्र्याला टेकवायची, दुसरी वायरीला लावून बघायचं, बल्ब पेटला की करंट आहे. तेवढ्यात दिवस कलला आणि लोडशेडिंगची वेळ झाली. अंगणातला दिवा गेला. ताईने गाडीचे लाईट लावले, डॅशबोर्डवरच्या मीटरचे दिवे लागले, तेवढ्या उजेडात मी पुढची वायर तपासली आणि बल्ब लख्ख पेटला. "सापडली," मी म्हणालो. लाल वायर तिला पिळून जोडली, पट्टी गुंडाळली, आणि दाजींचा आवाज अंगणभर घुमला. दाजी ओट्यावर खुर्चीत होते. त्यांनी डावा हात वर केला. मला जन्मात इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून मागच्या सीटवर बसलो. थंडीचे दिवस, समोर दहा पावलांवरचं दिसेना एवढं धुकं. ताईने लाईट लावले, निघण्याआधी तीनदा वाजवून बघितलं, तिन्ही वेळा वाजलं. रस्त्याला लागलो. पाच-सहा मैलांनी धुकं विरलं, ऊन आलं, आणि ताईने लाईट बंद केले. त्याबरोबर दाजींचा आवाज शब्दाच्या मध्येच तुटला. नुसती खरखर. मला वाटलं वायर निसटली. मी पुढे वाकलो तेवढ्यात दाजींचा हात हँडलवर गेला होता. दार उघडलं. खाली डांबर पळत होतं, मागून ट्रकचा हॉर्न... मी दोन्ही हातांनी त्यांच्या खांद्याला मिठी मारली, ताईने ब्रेक दाबला, आणि गाडी अर्धी रस्त्यावर, अर्धी कडेला अशी थांबली. दाजींचा एक पाय बाहेर लोंबत होता. मागून येणाऱ्याला गाडी दिसावी म्हणून ताईने पुन्हा लाईट लावले. आणि दाजींचा आवाज सुरू झाला, "...आणि पकड, पकड, पकड!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अंधारात मला सापडली होती ती मीटरच्या दिव्यांची वायर. लाईट लावले तरच तिला करंट. चूक माझी होती, आणि त्या चुकीने माझ्या बहिणीचा नवरा माझ्या डोळ्यांसमोर रस्त्यावर पडला असता. मी तिथेच म्हणालो, मुरबाडला पोचल्यावर दहा मिनिटांत वायर बदलतो. ताईने नकारार्थी मान हलवली. "चालतंय ना? मंग हात लावू नको आता." तिला भीती होती की बदलायला जाऊ आणि आहे तेही बंद पडेल. त्यानंतर मी किती वेळा विचारलं असेल, उत्तर तेच. पुढची चार वर्षं ती भर उन्हात लाईट लावून टोकावडे-मुरबाड करत राहिली. समोरून येणारा प्रत्येक जण हाताची बोटं उघडझाप करून दाखवायचा, बाई, लाईट चालू आहे. ती हात वर करून हो हो करायची आणि पुढे जायची. धाब्यावरची माणसं तिला लाईटवाली सिस्टर म्हणायला लागली. बल्ब जायचे, बॅटरी उतरायची, पण सोमवार चुकला नाही. दाजी काठी घेऊन चालू लागले, दोन-चार शब्द बोलू लागले. आणि मी मात्र सात ते आठ या वेळात त्या पिळलेल्या वायरीचा विचार करत बसायचो. ती सुटली तर? हे मी तिला कधी सांगितलं नाही, आणि आता सांगायचं राहून गेलं याचा मला फार त्रास होतो.

ताईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. दाजींना आटगावला घेऊन जायचं म्हटलं तर त्यांनी "नको" म्हटलं. शेजारच्या वहिनी जेवणाचं बघतात, मी शनिवारी येऊन राहतो. प्रश्न सोमवारचा होता. चार सोमवार आम्ही बुडवले, आणि दाजींचा हात खरंच आखडू लागला. शेवटी गेल्या आठवड्यात मी गाडी काढली. मला गाडी येते, पण जेमतेम, आणि शेजारी दाजी. रात्रभर त्या उघड्या दाराचं चित्र डोळ्यांपुढून हललं नव्हतं. प्लेअर चार्ज केला, वायर लावली, दाजींना बसवलं, दार दोनदा ओढून बघितलं. चावी फिरवली. बाहेर निघालो. समोर एसटी, मागे डंपर, कडेला बैल, मी नुसता रस्ता बघत होतो. मुरबाडला दवाखान्यापुढे गाडी लावली, चावी काढली, लाईट बंद करायला हात नेला, आणि तिथेच माझा हात थांबला. लाईट मी लावलेच नव्हते. टोकावड्यापासून मुरबाडपर्यंत गाडीत चकार आवाज नव्हता.

मी दाजींकडे बघितलं. ते शांत बसले होते. डावा हात मांडीवर.

"दाजी," मी विचारलं, "तुमाला भीती नाय वाटली?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. डाव्या हाताने त्यांनी मी बसलो होतो त्या सीटकडे बोट केलं.

"सिस्टरला," ते म्हणाले.

किती वर्षं? हे विचारायचं मला धाडस झालं नाही. दाजींची भीती कधीतरी, व्यायाम करता करता, त्यांच्याही नकळत निघून गेली असणार. पण ते तोच सामना ऐकत राहिले. दर सोमवारी, जाताना आणि येताना, आपला गेलेला आवाज ऐकत राहिले. तो थांबला असता तर आपल्या बायकोचा जीव गोळा झाला असता हे त्यांना कळत होतं, आणि हे सांगायला त्यांच्याकडे पुरेसे शब्द नव्हते. ती त्यांना जपते आहे असं आम्ही सगळे समजत होतो. ताई, तुला हे कळलं असतं तर तू आधी चिडली असतीस आणि मग ओट्यावर बसून रडली असतीस.

व्यायाम आटपून निघालो तेव्हा टळटळीत दुपार होती. गावाबाहेरचा रस्ता समोर दिसला आणि मला पुन्हा ते उघडं दार आठवलं. मी हात लांब करून लाईट लावले. दाजींचा आवाज सुरू झाला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि डाव्या हाताने त्यांच्या बाजूची काच वर घेतली, मला नीट ऐकू यावं म्हणून.