रिकामं सूप

"थांबा जी, रिकामं नेऊ नका," म्हणत ती उठायची आणि घरातून मूठभर जवारी आणून तुमच्या हातातल्या सुपात टाकायची. तुम्ही पुण्याचे असा की परदेशातले, तिला फरक नव्हता. नवं सूप कोणाच्या घरी रिकामं जाऊ नये, ही तिची रीत. अशी हट्टी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून मी सहली न्यायचो. सकाळी बोरचं अभयारण्य, दुपारी कारागिरांची घरं. वन्यजीव वाचवा, कारागिराला रास्त मोल द्या, हेच वर्षानुवर्षं बोलून माझी जीभ आंबली होती. वाघ दिसला नाही की मंडळी माझ्याकडे अशी बघत, जणू मीच तो खिशात दडवलाय. मग बोर धरणाच्या अलीकडे तिचं अंगण लागायचं. साठीची बुरडीण, बांबूच्या कामट्यांच्या ढिगापुढे फतकल मारून बसलेली.

"दिसला का वाघ?"

"नाही, मावशी."

"बरं झालं. दिसला असता तं माह्याकडं कोन पाह्यलं असतं?"

एका खेपेला हॉलंडची एक दुकानदारीण आली. कारागिरांच्याच वस्तू विकायची. तिनं दोनशे सुपं सांगितली. म्हातारीला आनंद झाला तो मात्र वेगळाच. तिचा मुलगा हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायला गेला होता, त्याला तिनं बोलावून घेतलं. "आता घरचं काम हाय, काऊन जाईन तो?" पंचविशीतला तो गडी आईशेजारी बसून कामट्या सोलू लागला. तिच्या तोंडावरचं हसू मावळेना.

मी बजावलं होतं, "मावशी, यात दाणे नको. तिकडे चालत नाही."

"नाई टाकत जी."

खोकी भरायच्या दिवशी मी दुसऱ्या गटाला रानकुत्री दाखवत फिरत होतो. तिच्याकडे एक चक्कर मारायला हवी होती. कंटाळा केला, दुसरं काही नाही.

दोन महिन्यांनी पत्र आलं. तिकडच्या बंदरावर खोकी उघडली, प्रत्येक सुपात जवारी, जवारीत सोंडे किडे. सगळा माल जाळला. पुन्हा मागणी नाही.

"काऊन टाकले, मावशी?" मी तिच्याच बोलीत ओरडलो.

"दुकानात ठेवाले नव्हते टाकनार, भाऊ. पन दुकानातून कोनाच्या तरी घरीच जातीन ना सुपं? दोनशे घरी रिकामं कसं धाडू?" मग हळूच म्हणाली, "दान्यासगट जाळले?"

"हो."

"अव माय!" ती म्हणाली. "त्या बाईले सांगजा, माह्यी चूक झाली."

चूक माझीही होती. तेवढं माझ्या तोंडून निघालं नाही, याची आजही लाज वाटते. मुलगा कोयता खाली ठेवून उठला आणि आत जाऊन पिशवी भरू लागला. तिनं त्याला थांब म्हटलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात गट घेऊन गेलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "लेकासंग गेली हिंगणघाटले. जिनिंगात सरकी झाडते."

मंडळी कॅमेरे काढून खाली उतरली होती. "कारागीर कुठे आहेत?" एकीनं विचारलं.

मीच तिला घालवलं, असं म्हणता आलं असतं. "बाहेरगावी गेल्यात," म्हणालो आणि सगळ्यांना परत गाडीत बसवलं.