गाणंही बंद ठेव

मी तोंडाळ म्हणून गावभर माहीत. सासूबाई म्हणायच्या, हिला अंगणवाडी मिळाली ते बरं झालं, घराला तरी जरा शांतता. कळमनुरीच्या बाजूला आमचं गाव, आणि गावाला लागूनच बंजाऱ्यांचा तांडा. नव्वद सालाच्या आसपासची ही गोष्ट. तांड्यातली लेकरं सुकडी खायला माझ्याकडे यायची आणि आपसात गोरमाटी, त्यांची घरची बोली, बोलायची. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, आणि त्याचा राग मी लेकरांवरच काढायची.

त्यांच्यात एक अडीच वर्षांची पोरगी होती, आईचा पदर न सोडणारी. तिला दहाबारा शब्द यायचे, सगळे घरच्या बोलीतले. आईला याडी, भाकरीला बाटी. तिच्या वयाची गावातली लेकरं तोवर घडाघडा बोलत होती. एकदा वजन करून झालं तरी आई काट्यापाशीच थांबली.

"ताई, पोरगी काहून बोलून न्हाई राहिली?"

मी लगेच शहाणपण पाजळलं. माझं माहेर मेंढरंवाल्यांचं. पहिलीत आमच्या बाईंनी मला उभं करून माझं बोलणं सगळ्या वर्गाला ऐकवलं होतं, आणि वर्ग हसला होता. ते काही मी विसरले नव्हते. या पोरीला तसं कुणी हसू नये, एवढंच माझ्या डोक्यात. मी म्हणाले, "घरात एक बोली, शाळेत दुसरी, मग लेकरू गोंधळणारच. आजपासून तिच्याशी गोरमाटी बंद. एक शब्दसुद्धा नको."

तिनं मान हलवली. दारापर्यंत जाऊन परत वळली. "आन् निजवताना गाणं म्हनते ते? ते आमच्याच बोलीतलं हाय."

"काही दिवस गाणंही बंद ठेव."

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. कुणा साहेबानं सांगितलं नव्हतं, कागदावर आलं नव्हतं. ही अक्कल माझी एकटीची.

दिवाळी झाली आणि तांडा ऊसतोडीला गेला, फडावर पाचटाच्या कोप्या करून राहायला. परतला तो गुढीपाडव्यानंतर. पोरगी जरा उंच झाली होती. मी तिला मांडीवर घेतलं, हातात भाकरीचा तुकडा दिला आणि विचारलं, "हे काय गं?" ती तुकडा कुरतडत राहिली. मग मीच म्हणाले, "बाटी ना?" ती दचकली आणि आईकडे बघायला लागली.

"तुमी म्हनल्या तसंच केलं, ताई," आई म्हणाली. "कोपीतल्या बायांनाबी सांगितलं, हिच्याशी कुनी आपलं बोलू नका. आन् माझ्या तोंडातून शब्द निघालाच तर असं करायची." तिनं स्वतःच्या तोंडावर पंजा दाबून दाखवला. तिला अभिमान वाटत होता.

"मग मराठीत काय बोलायचीस तिच्याशी?"

"मला कुठं येती बराबर मराठी? ये. बस. खा. नीज."

सहा महिने त्या लेकरानं एवढंच ऐकलं होतं. तरी मी चूक कबूल केली नाही. पावसाळाभर पोरीला समोर बसवून चित्रांचा तक्ता दाखवला, टाळ्या वाजवल्या, पिपाणी फुंकायला लावली, कुणी सांगितलं म्हणून वेखंडही चाटवलं. ती मुकाट्यानं सगळं करायची. बोलायची नाही.

मग कळमनुरीला आमची बैठक झाली. बाहेरून आलेल्या एक बाई चहा पिता पिता सहज बोलून गेल्या, लेकराशी आईनं आपल्या बोलीतच भरपूर बोलावं, दुसरी भाषा तिच्यावरच उभी राहते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कप तसाच खाली ठेवला.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी आशा धरायला नको. पोरगी शाळेत गेली, चौथीपर्यंत मागच्या रांगेत बसली, आणि मग शाळाही सुटली. मास्तर तिला मुकी म्हणायचे. ती मुकी नव्हती, हे मला जेवढं ठाऊक होतं तेवढं कुणालाच नव्हतं.

त्या बैठकीवरून मात्र मी एसटीतून उतरले ती तडक तांड्यावर गेले. दुपार होती. आई दारात तीळ पाखडत बसली होती, पोरगी शेजारी. मी म्हणाले, "बाई, माझं चुकलं. तू तुझ्याच बोलीत बोल तिच्याशी. ते गाणं म्हण. आत्ता, माझ्यासमोर म्हण."

ती लाजली. सूप बाजूला ठेवलं, पोरीला मांडीवर घेतलं आणि हळू आवाजात सुरू केलं. एक ओळ झाली असेल नसेल, पोरीनं हात वर केला आणि आईच्या तोंडावर पंजा दाबून धरला.

आईनं हसून हात काढला, पुन्हा सुरू केलं. पुन्हा पंजा. तिसऱ्यांदा तिनं सुरूच केलं नाही. माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"आता काय करू, ताई?" तिनं विचारलं.

मी सांगेन ते करायला ती अजूनही तयार होती.